‘थांब, पप्पांना येऊ दे’ : पालकसभेला न येणाऱ्या बापांना खुले पत्र

प्रति,
इयत्ता तिसरी ‘ब’मधल्या मुलामुलींचे समस्त बाप
(पालकसभेच्या वहीत ज्यांची सही आजवर एकदाही झालेली नाही असे)

विषय : आपण आपल्याच घरात फौजदार होऊन बसलो आहोत, त्याबाबत.

भावांनो, नमस्कार.

गेल्या शनिवारी पालकसभा झाली. वर्गात मुलं 38. सभेला माणसं आली 31. त्यात 29 आया, एक आजोबा आणि मी. आजोबा गणवेशाच्या पैशांचं विचारायला आले होते, चहा झाल्यावर ते गेले. मग मी एकटाच उरलो, तिसरीतल्या पोरांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन. बाई हजेरी घेताना माझ्याकडे बघून सहज म्हणाल्या, “आई नाही आल्या का?” त्यांचा काही दोष नाही. चुकून वाट चुकलेला माणूसच दिसत असणार मी तिथे.

मी कुणी शहाणा लागून गेलो नाही. बालवाडीपासून मागच्या दिवाळीपर्यंत त्या वहीत माझीही सही नव्हती. का नव्हती आणि आता का आहे, एवढंच सांगायचं आहे.

मी वायरमन आहे. कराडात आणि आसपासच्या गावांत वायरिंग, पंखे, मोटारी, इन्व्हर्टर अशी कामं करतो. रोज चार-पाच परक्या घरांत जाणं होतं. मी स्टुलावर चढून पंखा उतरवत असतो, खाली एखादं दोन-तीन वर्षांचं पोर किरकिरत असतं, आणि त्याची आई नाहीतर आजी म्हणते, “गप बस, नाहीतर ते काका शॉक देतील.” पोर माझ्या हातातल्या टेस्टरकडे बघतं आणि एकदम गप्प होतं. हे इतक्या घरांत झालंय की मोजदाद नाही. मी हसायचो. कधी कधी डोळेसुद्धा वटारायचो, गिऱ्हाइकाला तेवढीच मदत. वीस वर्षं मी असा लोकांच्या घरचा बागुलबुवा आहे, तेही फुकटात.

माझ्या घरचा बागुलबुवाही मीच आहे, हे कळायला मात्र वेळ लागला.

तुमच्या घरात हे वाक्य बोललं जातं की नाही, सांगा : “थांब, पप्पांना येऊ दे, मग बघते.” दुपारी चारला पोराने बहिणीची वेणी ओढली. आईचे हात कणकेत. ती हे वाक्य म्हणाली. पप्पा येणार आठला. मधले चार तास त्या पोराने काय करायचं? ते खेळतं, पडतं, वेणीचं विसरूनही जातं. पोटात गोळा तेवढा राहतो. आठला आपण येतो, दमलेले, डोक्यात गिऱ्हाइकाची उधारी. चपला काढायच्या आत फिर्याद समोर. आपण काय झालं ते पाहिलेलं नसतं, कुणी सुरुवात केली ते माहीत नसतं. तरी शिक्षा देऊन मोकळे होतो, कारण तेच आपलं काम ठरलेलं असतं. मग जेवण.

यात पोराला एकच गोष्ट कळते : आईच्या शब्दाला वजन नाही, आणि बाप म्हणजे रात्री आठला येणारं संकट. वेणी ओढू नये हे त्यात कुठेच येत नाही.

आता माझ्या मुलाचं सांगतो. दुसरीत असताना त्याचं काहीतरी बिनसलं. वह्यांची पानं फाडायचा. वर्गातल्या एका मुलाला चावला. चार वर्षं बंद असलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं. शाळेच्या डायरीत लाल शाईत शेरे यायला लागले. त्यातला एक मला पाठ आहे : ‘मुलाला धाक लावावा.’ मी आज्ञाधारक पालक. एका रात्री वायर झाकायची केसिंगची पट्टी हाताशी होती, तीच घेतली. “किती वेळा सांगायचं? किती वेळा सांगायचं?” असं म्हणत तीन फटके दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो धाकट्या बहिणीला फूटपट्टीने मारत होता. साडेतीन वर्षांची ती. बायकोने धावत जाऊन सोडवली. त्याच्या तोंडात काय होतं? “किती वेळा सांगायचं? किती वेळा सांगायचं?” बायको म्हणाली, आवाजसुद्धा तुमचाच काढला होता.

तरी मी दवाखान्याला नाहीच म्हणालो. “माझा पोरगा काय वेडा आहे?” हे माझं वाक्य. त्या वाक्यावर तीन महिने गेले. शेवटी बायको मला न विचारता त्याला साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली, एसटीने. दुसऱ्या खेपेला तिथल्या समुपदेशक मॅडमनी निरोप दिला, मुलाचे वडील आल्याशिवाय पुढचं सांगणार नाही.

मी गेलो. मला वाटलं होतं, मुलाला तपासतील, गोळ्या देतील. मॅडमनी मलाच विचारलं, “संध्याकाळी तुमच्या गाडीचा आवाज आला की तो दाराकडे येतो की आत जातो?”

मी अभिमानाने सांगितलं, “गाडीचा आवाज आला की टीव्ही बंद आणि पुस्तक उघडं! तेवढा वचक आहे.”

मॅडम काही बोलल्या नाहीत. नुसतं कागदावर लिहून घेतलं. मला त्याचा अर्थ परत येताना तासवडे टोलनाक्याजवळ लागला, आणि गाडी कडेला घ्यावी लागली.

त्यानंतर आम्ही दोघं सात-आठ वेळा गेलो. मुलाला मॅडमनी दोनदाच बोलावलं. शिकवणी आमचीच होती. तिथे जे ऐकलं त्यातलं मला जमलं तेवढं लिहितो. सगळं जमलेलं नाही, हे आधीच कबूल करतो.

पहिलं लॉटरीचं. पोरगं मोबाइल मागतं. आपण नाही म्हणतो. ते परत मागतं, नाही. रडतं, नाही. फरशीवर लोळतं, पाहुणे बघत असतात, आपण वैतागून म्हणतो, “घे, मर एकदाचा!” आपल्याला वाटतं, आपण हरलो आणि विषय संपला. पोरानं मात्र पक्कं शिकून घेतलं की नऊ वेळा नाही आलं तरी दहाव्यांदा मिळतं, फक्त जोर वाढवायचा. लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस रोज हरूनही का घेत राहतो? कारण कधीतरी लागते. रोज लागली असती तर ती बंद पडल्याबरोबर त्याने नाद सोडला असता. जेराल्ड पॅटरसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत ओरेगॉनमध्ये अशा कुटुंबांच्या घरीच माणसं बसवून बारीक नोंदी घेतल्या होत्या. त्यांनी हे चक्र दोन्ही बाजूंनी मांडलं : मूल आरडून आपल्याला नमवतं, मग आपण त्याहून मोठ्याने ओरडून त्याला नमवतो, आणि दोघंही शिकतात की या घरात जो वरचा सूर लावतो त्याचंच चालतं. मला हे ऐकताना आमचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर दिसत होतं.

उपाय सोपा आहे आणि करायला महाकठीण आहे. जे देणार असाल ते पहिल्या मागणीलाच द्या. जे देणार नाही ते लोळण घेतल्यावरही देऊ नका, आणि त्या वेळी भाषण करू नका. मॅडमनी आधीच बजावलं होतं, सुरुवातीला हट्ट वाढेल, दिवा विझण्याआधी भडकतो तसा. आमचा चौथ्या दिवशी असा भडकला की शेजारचे विचारायला आले. आजीने हळूच मोबाइल दिला. झालं, परत पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला आजीलाही साताऱ्याला नेली.

दुसरी गोष्ट दहा मिनिटांची, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची हीच. रोज दहा मिनिटं पोरासोबत बसायचं. खेळ त्याने ठरवायचा. त्या दहा मिनिटांत शिकवायचं नाही, चुका काढायच्या नाहीत, प्रश्न विचारायचे नाहीत, फोन दुसऱ्या खोलीत. नुसतं त्याच्या मागे मागे जायचं, क्लीनर जसा ड्रायव्हरच्या मागे असतो तसं. आणि दिवसभरात तो वाईट वागला म्हणून ही दहा मिनिटं कापायची नाहीत. ती पगार नाही आणि बक्षीसही नाही. मला हसू आलं होतं. दहा मिनिटांनी काय होणार? करून बघा म्हणजे कळेल, दहा मिनिटं न शिकवता बसणं बापाला किती अवघड जातं ते. माझ्याकडे जुने बोर्ड, प्लग, खराब बटणं यांचं एक खोकं आहे. त्याने ते ओतलं आणि दुकान मांडलं. मी दुसऱ्याच मिनिटाला सुरू झालो, “हे बघ, हा फेज, हा न्यूट्रल...” तो उठून गेला.

पाच-सहा दिवसांनी मला गिऱ्हाईक व्हायला जमलं. मी मुकाट्याने बटणं विकत घेत होतो, आणि तो माझ्याकडे न बघता, बटणं मोजता मोजता म्हणाला, “रिक्षातली मोठी पोरं मला पायात बसवतात.” शाळेच्या रिक्षाचं सांगत होता. सहा महिने हे चाललं होतं. मी विचारलं, “आधी का नाही सांगितलंस?” म्हणाला, “तुम्ही ओरडला असता.” कुणाला ओरडलो असतो, ते मी विचारलं नाही.

रिक्षावाल्याशी बोललो, तो विषय दोन दिवसांत मिटला. फाटलेल्या वह्या, चावणं, ओलं अंथरूण यातलं किती त्या रिक्षामुळे आणि किती माझ्या पट्टीमुळे, हे मॅडमही सांगू शकल्या नाहीत. पण माझ्या धंद्यातलं मला कळतं. एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारं बटण) वारंवार पडत असेल तर आपण त्याला शिव्या देत नाही, आणि काठीने वर दाबूनही धरत नाही. लोड कुठून येतोय ते शोधतो. (बायको म्हणते, तुम्हाला सगळीकडे एमसीबीच दिसतो. दिसतो.)

लोडचं बघायला लागल्यावर पुष्कळ गोष्टी साध्याच निघाल्या. झोप घ्या. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत 9 ते 12 तास झोप लागते. 2024 साली सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, तो मुलांची झोप व्हावी म्हणूनच. पण आमच्याकडे मी साडेनऊला जेवणार, मग बातम्या लागणार, आणि पोरगं अकरा-साडेअकरापर्यंत त्या उजेडात लोळणार. सकाळी तो चिडका उठला की आम्ही म्हणायचो, आडमुठा आहे. आता टीव्ही नऊला बंद होतो. बातम्यांचं फार काही अडलं नाही.

तिसरी गोष्ट शाबासकीची. आपण बाप लोक चांगल्या गोष्टीवर गप्प बसतो आणि वाईटावर बोलतो. पोरगं अर्धा तास शांत चित्र काढत बसलं, आपण म्हणतो, बरंय, डोक्याला ताप नाही. त्याने रंग सांडला की लगेच तिथे हजर. म्हणजे बाप हवा असेल तर रंग सांडायला लागतो. चांगलं वागताना पकडायचं, आणि ‘गुड बॉय’ असं मोघम न म्हणता नेमकं बोलायचं : “बहिणीला आधी घेऊ दिलंस, बघितलं मी.” पहिल्यांदा मी हे बोललो तेव्हा आमच्या घरात सगळेच माझ्याकडे बघायला लागले होते.

आता तुमचा प्रश्न मला माहीत आहे, कारण तो माझ्या आईनेही विचारला. “तुला मारूनच वाढवला, काय वाईट झालं तुझं?” मी तिला उलट बोललो नाही. पण मला माझे वडील आठवले. त्यांच्याजवळ बसून मी कधी काही सांगितल्याचं मला आठवत नाही. चांगला माणूस होता. वाढलो, शिकलो, कामाला लागलो, आणि शेवटच्या आजारपणात त्यांच्या उशाशी बसून काय बोलावं ते मला सुचेना. हे वाईट की नाही, तुम्ही ठरवा. आणि आकडाच हवा असेल तर तोही आहे. एलिझाबेथ गेरशॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या दोन अमेरिकी संशोधकांनी 2016 मध्ये पन्नास वर्षांतले अभ्यास एकत्र केले, मिळून 1 लाख 60 हजारांवर मुलं. जी मुलं घरी जास्त चापट्या खातात ती पुढे जास्त उलटून वागताना दिसली, जास्त मारकुटी आणि जास्त खचलेली. ऐकणारी झालेली दिसली नाहीत. चापट्यांचा हा हिशोब आहे, पट्टीचा तर वेगळाच. आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शाळेत मारायला आणि मानसिक छळ करायला बंदी आहे. तरी “मारा सर, पण शिकवा” असं शाळेत जाऊन सांगणारे आपल्यातलेच. आणि घरासाठी आपल्याकडे असं वेगळं कलम नाही. घरातला कायदा म्हणजे आपणच.

मारायचं नाही म्हणजे डोक्यावर बसवायचं, असंही नाही. उलट आमच्याकडे नियम वाढलेत. फक्त ते कमी शब्दांत आहेत आणि लगेच लागू होतात. बॉल घरात भिंतीवर मारला, बॉल संध्याकाळपर्यंत कपाटात. जे मोठं माणूस समोर असेल त्याने तिथल्या तिथे निकाल द्यायचा, वरच्या कोर्टात पाठवायचं नाही. बायकोने ‘पप्पांना येऊ दे’ या वाक्याला कायमची सुट्टी दिली. मी आलो की आधी पाणी, मग दहा मिनिटं दुकान. दिवसभराच्या तक्रारी पोरं झोपल्यावर.

एक गोष्ट मात्र घरातल्या घरात भागण्यासारखी नाही. वागणं बिघडलंय आणि दोन-तीन आठवडे उलटले तरी सुधारत नाही, झोप-जेवण बदललंय, आवडत्या खेळातही मन लागत नाही, शाळेच्या नावाने रोज पोटात दुखतंय, स्वतःला इजा करण्याचं किंवा ‘मी नसतोच तर बरं’ असं बोलतंय, तर दाखवायलाच हवं. शेवटचं ऐकलं तर आठवड्याचीही वाट बघायची नाही, त्याच दिवशी. पोर नाटकं करतंय असं म्हणून सोडून द्यायचं नाही. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत 13 ते 17 वयाच्या मुलांत मानसिक आजाराचं प्रमाण 7.3 टक्के निघालं होतं. म्हणजे 38 च्या वर्गात दोन-तीन. आपली पोरं अजून लहान आहेत, पण त्याच रस्त्याला आहेत. आणि दवाखान्यात नेलं की लगेच गोळ्या, हीही माझी भीती खोटी निघाली. लहान वयातल्या अतिचंचल मुलांसाठीसुद्धा, सहा वर्षांच्या आत तर, गोळ्यांच्या आधी आईबापांचं प्रशिक्षण हाच पहिला उपचार मानतात.

नेऊ न देणारे बहुतेक वेळा आपणच असतो. युनिसेफने 2021 मध्ये 21 देशांतल्या तरुणांना विचारलं होतं, मनाच्या त्रासासाठी कुणाची मदत घेणं चांगलं का? सरासरी 83 टक्के हो म्हणाले. भारतातले 41 टक्केच. ही पंधरा ते चोवीस वयाची पोरं हे कुणाकडून शिकली? “माझा पोरगा काय वेडा आहे?” असं मोठ्याने म्हणणारा कुणीतरी घरात असणारच. साताऱ्याला जायला जमत नसेल तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या फोन-सेवेचा, नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं. वहिनींना फोन करायचा असेल तर तुमच्या परवानगीची वाट त्यांना बघायला लावू नका.

आता शाळेकडे येतो, कारण हे पत्र मुख्याध्यापकांच्या टेबलावरही जाणार आहे. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 च्या निकालात शाळा-कॉलेजांसाठी काही बंधनं घातली आहेत. 100 किंवा जास्त विद्यार्थी असतील तर समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमायचा, आणि पालकांसाठीही नियमित जागृतीचे कार्यक्रम घ्यायचे. शनिवारच्या सभेत आम्ही काय केलं? गुणांचे तक्ते बघितले, सहलीचे पैसे ठरवले, आणि तीन आयांना सगळ्यांदेखत ऐकावं लागलं की तुमचा मुलगा फार मस्ती करतो. त्यातली एक रडली. मला वाईट याचं वाटलं की तिच्या नवऱ्याला मी ओळखतो. संध्याकाळी तो घरी येईल, तिचं तोंड बघेल आणि पोराला बोलावेल. पुढचं सांगायला नको.

म्हणून मी हात वर करून तीन गोष्टी मागितल्या. मुलाच्या वागण्याची तक्रार सगळ्यांसमोर नको, पाच मिनिटं बाजूला बसून बोला. पालकसभेतला एक तास दर वेळी असल्या शिकवणीला द्या. आणि सभा शनिवारी सकाळी अकराला ठेवू नका, कामावरचा माणूस त्या वेळी येऊच शकत नाही. बाईंनी विचारलं, मग कधी? मी म्हणालो, अमावास्येला संध्याकाळी. आपल्या बांधकामाच्या, सेंट्रिंगच्या, गवंडीकामाच्या लोकांना त्याच दिवशी सुट्टी असते. एक आई म्हणाली, अमावास्येला शुभ काम करत नाहीत. बाई म्हणाल्या, गुणांचे तक्ते त्या दिवशी दाखवणार नाही मग. सगळे हसले, आणि ठरलं.

माझ्याकडे सगळं गोडगोड झालंय असं समजू नका. मागच्या आठवड्यात मी परत ओरडलो, चांगलाच. मुलगा आत गेला. अर्ध्या तासाने मी जाऊन म्हणालो, “ओरडलो ते चुकलं माझं.” आयुष्यात पहिल्यांदा पोराची माफी मागितली. त्याने मान वर न करता सांगितलं, “आज दुकान बंद आहे.” दुसऱ्या दिवशी उघडलं.

तर येत्या अमावास्येला संध्याकाळी सहा वाजता. तिसरी ‘ब’, जिन्याच्या शेजारची खोली. साताऱ्याच्या मॅडम येणार आहेत, त्यांच्या एसटीच्या भाड्याची वर्गणी जमली आहे, तुम्ही फक्त या. बाक लहान आहेत, गुडघे लागतात. वर्गातले दोन पंखे बंद होते, ते मी दुरुस्त करून ठेवतो.

आपला,
तिसऱ्या बाकावरचा वायरमन